मान टाकणारं झाड

१२ जून

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसत नाही.

मी दूध उतरवलं, दोन कप विसळले, त्यातला एक पुसून परत जागेवर ठेवला (चार महिने झाले तरी हात दोनच काढतो), ओटा पुसला, गॅलरीतले कपडे आत घेतले आणि टोमॅटो चिरायला बसले. आज सकाळचीच गोष्ट सांगतेय. रोजच्यासारखीच सकाळ होती, टोमॅटो चिरेपर्यंत.

टोमॅटो घरचाच. तुझ्या काकांनी जाण्याआधी दोन महिने गॅलरीत ते झाड लावलं होतं ना, सारखी मान टाकणारं, त्याला शेवटी तीन फळं धरली. लिंबाएवढी. त्यातलं पहिलं पिकलं. एक फोड कापून मिठाबरोबर तोंडात टाकली, दुसरी कापली आणि ओरडलेच. आत बिया नव्हत्या गं, झाडं होती! पांढऱ्या शेपट्या, शेंड्याला दोन-दोन हिरवी पानं, सगळी गराला चिकटून बसलेली. आधी अळ्या वाटल्या. चष्मा लावला, तर जास्तच भीती वाटली. अळी निदान समजते. फळ आज सकाळपर्यंत देठावर होतं आणि आत पोरांनी संसार थाटलेला!

शेजारच्या शिंपीणबाईंना दाखवलं. नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "टाकून द्या. घरात दुःख असलं की भाजी बिघडते."

मी म्हटलं, "मग बाजारातली कुणाच्या दुःखानं बिघडते?"

त्यावर त्यांना शिलाईचं काम आठवलं.

तू झाडांच्या गर्भावर शिकतेयस म्हणून तुला विचारते. हे विषारी आहे का? पहिली फोड पोटात गेलेली आहे. काही होणार असेल तर लवकर कळव, म्हणजे दूधवाल्याला तसं सांगून ठेवते.

फोन मात्र करू नकोस. फोनवर मला रडू येतं. कागदावर येत नाही, शाई पसरेल या धाकानं.

मावशी


१७ जून

प्रिय मावशी,

हे पत्र तुझ्या हातात आहे म्हणजे तू ठणठणीत आहेस. फळ विषारी नाही. कोंब मात्र खाऊ नकोस.

तू जे पाहिलंस त्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत लोक भिंगं लावून बसतात! पिकलेलं फळ आतून ओलं असतं, उबदार असतं. मग बी तिथेच का उगवत नाही? कारण बी तयार होताना त्यात एक द्रव्य साठतं, ॲब्सिसिक आम्ल नावाचं. ते संप्रेरक आहे, म्हणजे झाडाच्या शरीरातला निरोप्या. बीमधल्या इवल्याशा गर्भाच्या प्रत्येक पेशीत झाडाची सगळी जनुकं असतात. मूळ कसं काढायचं, पान कसं उघडायचं, सगळ्या सूचना जन्मापासून जवळ. पण हे आम्ल सांगतं की आत्ता फक्त साठवणीची जनुकं चालू ठेवा, शिदोरी भरा, सुकायची तयारी करा; उगवायची जनुकं बंद. पुढे बी मातीत पडतं, आम्ल उतरतं आणि जिबरेलिन नावाचं दुसरं संप्रेरक त्याला उठवतं.

तुझ्या झाडात ते आम्ल बनवणारं एक जनुक मोडलेलं आहे. "थांब" म्हणणारं कुणी नाही, म्हणून पोरं फळातच उठून बसली. पानांवरची बारीक छिद्रं मिटवण्याचं कामही तेच आम्ल करतं. ते नाही, म्हणून छिद्रं सताड उघडी, पाणी उडून जातं आणि झाड दुपारी मान टाकतं. त्यात तुझा दोष नाही.

काकांकडे ते कुठून आलं ते मग सांगेन. सहज विचारते, कुंडीत काही खूण आहे का? आकडा वगैरे? आणि झाडाला काही करू नकोस हं. सहज आपलं.

तुझी,
भिंगरी


२२ जून

भिंगरे,

एका पत्रात दोनदा सहज! तुझ्या आईनं लहानपणी काकवीची बरणी फोडली, तेव्हा तीसुद्धा स्वयंपाकघरात सहजच गेली होती. काय लपवतेयस?

तुझं आम्ल मला पहिल्या वाचनात कळलं नाही. दुसऱ्या वाचनात कळलं, कारण मी त्या घरात राहिलेली आहे. आमच्याकडे डबे बारा आणि सासूबाई एक. साखर, गूळ, तूप, सुकामेवा, घरात सगळं होतं. पण कुठला डबा कधी उघडायचा ते त्यांच्या भुवईवर. भुवई खाली असेल तर भरायचं, झाकायचं, ठेवायचं. लग्नानंतरची दोन वर्षं मी म्हणजे तुझं ते थांबलेलं बी. मग धाकटी जाऊ आली आणि तिनं पहिल्याच दिवशी, कुणाला न विचारता, साखरेचा डबा धाडकन उघडला. ती तुझी जिबरेलिन. डबे तेच, घर तेच. कुणाचं चालतं, तेवढाच फरक.

सासूबाईंना आम्ल म्हटलेलं तुझ्या काकांना आवडलं नसतं. पण हसले असते.

यावरून एक प्रश्न. हे थांबायचं आम्ल बाळाला आईकडून मिळतं, की बाळ आपलं आपण बनवतं? वाचनालयातल्या पुस्तकात त्या जागी चहाचा डाग आहे.

कुंडीत आईस्क्रीमची लाकडी काडी आहे. त्यावर "म-७" लिहिलंय, ह्यांच्या पेन्सिलीनं. तीस वर्षं लोकांच्या दारात उकिडवं बसून पाण्याचे मीटर वाचले, शाईवर कधी विश्वास ठेवला नाही. म्हणायचे, शाई पाण्याला घाबरते, शिसं घाबरत नाही. सहा महिने रोज पाणी घातलं, काडीवरचं अक्षर जसंच्या तसं आहे.

झाडाचं काय विचारतेस? झाड आपल्या जागी आहे.

मावशी


२७ जून

मावशी,

पकडलंस. सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या बाई (माझ्या मार्गदर्शक, ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं मुलं ताठ होतात) खोली तपासायला येणार होत्या. मी हौसेनं बियांच्या बारा बाटल्या स्पिरिटनं लख्ख पुसल्या. नावं पेनानं लिहिलेली होती. बाटल्या अशा चकाकल्या म्हणून सांगू! नावं सगळी फडक्यावर.

बाराही बाटल्यांतली झाडं मान टाकणारीच. कुठल्या बाटलीत कुठलं जनुक मोडलंय ते आता कुणालाच सांगता येणार नाही, मला तर नाहीच. मी दोन वर्षं म-७ वर काम करतेय. बाईंनी वीस जुलैपर्यंत मुदत दिलीय. तोवर खात्रीचं म-७ समोर ठेवलं नाही, तर माझं काम बंद आणि मला शेजारच्या खोलीत गव्हाची वजनं करायला बसवणार. जन्मभर गहू, मावशी!

जगात खूण पटलेलं म-७ आता एकच आहे, ते तुझ्या गॅलरीत. येत्या रविवारी येते आणि घेऊन जाते. पोत्यात गुंडाळेन, मांडीवर धरेन, वाटेत पाणी पाजेन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आम्ल दोन्हीकडून येतं. पण बीला झोपवतं ते त्याचं स्वतःचं. आईनं कितीही पुरवलं तरी शेवटचं थांबणं बाळ आपलं आपण बनवतं. हा प्रश्न आमच्या वर्गात कुणी विचारला नव्हता.

तुझी,
भिंगरी


१ जुलै

भिंगरे,

रविवारी येऊ नकोस. घराला रंग काढलाय. बसायला जागा नाही.

मावशी


५ जुलै

मावशी,

भर पावसाळ्यात रंग?

मी शिंपीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कसला रंग? भिंतीला बोट लावलेलं नाही. पण तुझ्या मावशीला जरा बघून जा बाई. दुपारी गॅलरीत छत्री धरून बसते आणि कपांशी बोलते."

कुठले कप? काय बोलतेस? झाड मेलंय का? मेलं असेल तरी सांग. ओरडणार नाही. पण पंधरा दिवस उरलेत आणि मला नुसतं "आपल्या जागी आहे" यावर रात्री झोप लागत नाही.

भिंगरी


९ जुलै

भिंगरे,

झाड मेलं नाही. मी उपटलं.

तुझ्या उत्तराच्या आधी, पहिलं पत्र पेटीत टाकून आले त्याच दुपारी. घरी आले तर त्यानं मान टाकलेली. शेवटचा महिनाभर तुझे काका गॅलरीतल्या खुर्चीत तस्सेच बसायचे, हनुवटी छातीला टेकवून. पाणी पाजलं, पंखा केला की संध्याकाळी मान उचलायचे आणि वर्तमानपत्र मागायचे. एका संध्याकाळी उचलली नाही. त्यानंतर चार महिने रोज दुपारी मी तेच बघत होते. त्या दिवशी म्हटलं, पुरे. मुळासकट काढलं, दोन कच्च्या फळांसकट कचऱ्याच्या गाडीत दिलं आणि हात धुतले. काडी तेवढी टाकवली नाही, ह्यांचं अक्षर होतं.

"आपल्या जागी आहे" असं लिहिलं तेव्हा ते गावाबाहेरच्या ढिगावर होतं. तुझा "सहज" आणि माझी "जागा" एकाच मापाची. फिटंफाट.

आता कपांचं. त्या चिरलेल्या टोमॅटोची उरलेली अर्धी ओट्यावरच होती. झाड एका झटक्यात उपटलं होतं, पण ती अर्धी टाकवेना. एवढ्या घाईनं जो उठलाय, त्याला केरात कसा टाकायचा? सुईच्या टोकानं एकेक कोंब सोडवला. अकरा निघाले. अकरा कुंड्या कुठून आणू? घरातले कप घेतले, तळाला खडे, वर माती. दहा कपांत दहा बसले. अकरावा कप राहिला होता तो ह्यांचा, कान तुटलेला, निळ्या काठाचा. तो धुऊन पुसला. मग त्यातही माती घातली.

तुला का सांगितलं नाही ते ऐक. दोन गेली, नऊ उरली आणि त्या नवांतलं एकही धड उभं राहत नाही. सकाळी ताठ, अकरा वाजले की माना खाली. छत्री धरते, ओलं फडकं घालते, गोड बोलते, रागावून बोलते. शिंपीणबाईंच्या गॅलरीतले टोमॅटो बघ, विजेचे खांब! काल कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुणच नाही." मला ते खरं वाटलं. एवढं मोठं माणूस या हातांतून गेलं, ही तर बोटभर रोपं. तुला आशा लावायची आणि वीस तारखेला नऊ कप वाळलेलं गवत दाखवायचं, त्यापेक्षा रंग बरा वाटला.

काल खत शोधायला ह्यांची कामावरची खाकी पिशवी उघडली. खत नव्हतं. मीटरची जुनी वही निघाली, अर्धी कोरी. कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं या झाडाच्या नोंदी आहेत. तारीख, वेळ, पानं किती, पाणी किती, मान केव्हा टाकली, केव्हा उचलली. एका दिवसाचाही खाडा नाही. काही ओळी उतरवते:

"म-७. पानं चार. १२ वाजता मान टाकली. डोक्यावर पिशवी घातली. ४ वाजता उचलली."

"पिशवी तिनं काढली. म्हणते, गॅलरीत बरं दिसत नाही. परत घातली."

"पिशवी तिनं परत काढली. सध्या वाद नको."

आणि शेवटून दुसरी: "आज दुपारी दोघांनी मान टाकली. तिनं आधी झाडाला पाणी दिलं, मग मला. बरोबर केलं. मी मागू शकतो."

भिंगरे, शाई पसरली आहे, दिसतंच आहे तुला.

तुझं झाड मी घालवलं. गहू मोजायला बसावं लागलं, तर तुझ्या शेजारी मीही बसेन.

मावशी


१३ जुलै

मावशी! माझी सोन्यासारखी, खोटारडी मावशी!

मान टाकतायत? नऊच्या नऊ? देवा! तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत अशी ओरडले की शेजारच्या खोलीतल्याच्या हातून गहू सांडला.

नीट वाच. टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो. पण भुंग्यांचा भरवसा नाही. शिंपीणबाईंच्या खांबांचा पराग जर तुझ्या फुलाला लागला असता, तर पोरांना त्यांच्याकडून धड जनुक मिळालं असतं आणि ती दुपारी ताठ उभी राहिली असती. तशी ती असती, तर माझ्या काही कामाची नव्हती. ती मान टाकतायत, म्हणजे ती आईचीच आहेत, शंभर टक्के म-७. तुझ्या हाताला गुण नाही म्हणे! फळात उठलेले अकरा कोंब सुईनं सोडवून त्यातले नऊ जगवायचे, हे आमच्याकडे पगार घेणाऱ्यांनाही जमत नाही. फक्त प्लास्टिकची पिशवी घाल त्यांच्या डोक्यावर, म्हणजे ओल आतच राहते. काकांचं बरोबर होतं.

आता माझा शेवटचा गुन्हा. बी काकांना मीच दिलं होतं. आजारपणात ते मला रोज म्हणायचे, "काही काम असलं तर सांग गं, मोजायचं, लिहायचं." मला सुचेना. मग पुडी पाठवली आणि थाप मारली की हा संशोधनाचा भाग आहे, रोजच्या नोंदी लागतील, तुमच्याशिवाय कुणावर विसंबू? काम बनावट होतं, मावशी. ते विचारायचे, नोंदी कधी पाठवू? मी म्हणायचे, मागेन तेव्हा. कधी मागितल्याच नाहीत. आता बाई म्हणतात, काडीवरचा आकडा आणि ती वही मिळाली, तर झाडाचा पुरावा पक्का.

बाईंना मी गडबडीत "सासूबाई कमी पडल्या की उगवायची जनुकं चालू होतात" असं सांगून बसले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग सगळं सांगावं लागलं. आता फळ्यावर एका बाजूला "सासूबाई" आणि दुसऱ्या बाजूला "धाकटी जाऊ" लिहिलेलं आहे आणि कुणी पुसत नाही.

मला इथून हलू देत नाहीत. तू आणशील? फेब्रुवारीपासून तू बाजाराच्या पुढे गेलेली नाहीस, हे मला माहीत आहे. नऊच्या नऊ हवीत असं बाई म्हणतात. मी म्हटलं, ते मावशी ठरवेल.

तुझी,
भिंगरी


२२ जुलै

भिंगरे,

सुखरूप पोचले. तुला जे दिसलं नाही तेवढंच लिहिते.

बसमध्ये मांडीवर खोकं, खोक्यात आठ कप, प्रत्येकाच्या डोक्यावर पिशवी. वाहकानं विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "लहान मुलं." तो म्हणाला, "मग अर्धं तिकीट." शेजारचा गृहस्थ अर्धा रस्ता माझ्याकडे बघत नव्हता. अकरा वाजता खिडकीतल्या उन्हानं पिशव्यांतही आठांनी एकदम माना टाकल्या, तेव्हा तोच घाबरून म्हणाला, "आजी, गेली वाटतं!" मी म्हटलं, "नाही हो, अगदी छान चाललंय." त्यानं पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

तू चहा आणायला गेलीस, तेव्हा तुझ्या बाईंनी ह्यांची वही घेतली. मला वाटलं चाळतील. त्यांनी पहिल्या पानापासून वाचली, एकेक ओळ, बोट ठेवून. पिशवीपाशी हसल्या. शेवटून दुसरी नोंद त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "माझ्या एकाही विद्यार्थ्यानं अशी नोंद ठेवलेली नाही. कुठे शिकले हे?"

मी म्हटलं, "लोकांच्या दारात."

त्यांनी वहीच्या पानांची छायाचित्रं काढून घेतली आणि मूळ वही दोन्ही हातांनी मला परत दिली. तुझं काम चालू राहणार हे त्यांनी मला आधी सांगितलं, तुला मागून. तू आलीस तेव्हा मी साळसूद बसले होते, कारण रहस्य राखणं आपल्या घराण्यात चांगलं जमतं. पेनं मात्र त्यांनी तुझ्या टेबलावरून उचलून नेली, ते पाहिलंस ना?

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा विचारलं, "पत्रात नऊ लिहिले होते. नववा?"

"नववा घरी आहे," मी म्हटलं. "त्याच्या नोंदी चालू आहेत."

हे मी त्यांना खोटंच सांगितलं. नोंदी फेब्रुवारीतच थांबल्या होत्या. घरी आले, निळ्या काठाच्या कपावरची पिशवी सारखी केली आणि दिवा न लावता बसून राहिले. शिंपीणबाईंनी कठड्यावरून विचारलं, "दिलीत एकदाची? सुटलात!" मी म्हटलं, "एक ठेवलाय." त्या म्हणाल्या, "मान टाकणाराच ना?" मी म्हटलं, "हो, तोच हवा होता."

दुसऱ्या दिवशी मी दूध तापवलं, एकच कप विसळला, ह्यांच्या पेन्सिलीला टोक केलं, वहीत तारीख घातली आणि पानं मोजली.

मावशी